बॅग बाहेर ठेवा

उपासनी वकिलांच्या ऑफिसात जाताना दाराबाहेर दोन गोष्टी ठेवाव्या लागत. चपला आणि बॅग. चपलांचं कोणाला काही वाटत नसे, पण बॅगेचं म्हटल्यावर नवा पक्षकार हमखास अडखळायचा. "अहो, केसचे कागद आहेत त्यात," तो म्हणायचा. आतून सरांचा आवाज यायचा, "कागद नंतर. आधी रिकाम्या हातांनी आत या आणि तुम्हाला काय काय येतं ते सांगा."

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा मलाही हा विक्षिप्तपणाच वाटला होता. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या इमारतीत त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. हिंजवडीत भाताची खाचरं बुजवून सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या राहत होत्या तो काळ. एका नोकरीत जन्म काढायची पद्धत मोडली होती, आणि सोडून जाणाऱ्याच्या मागोमाग कंपनीची नोटीस जात होती : तुम्ही आमची गुपितं नेलीत, दोन वर्षं कुठल्याही स्पर्धकाकडे काम करायचं नाही. असल्या भांडणांत पुण्यात उपासनी सरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचा न्याय सरळ होता. डोक्यात आहे ते माणसाचं, बॅगेत आहे ते मालकाचं. म्हणून बॅग बाहेर.

एकदा असाच एक इंजिनिअर आला. कंपनीने त्याच्यावर मनाई हुकूम मागितला होता. तासभर त्याने आपलं काम इतकं सुरेख समजावून सांगितलं की मलाही कळलं. सर खूश झाले. मग म्हणाले, "आता बॅग आणा." बॅगेतून कंपनीच्या कामाची सीडी निघाली. "सगळेच घेतात सर," तो म्हणाला. सरांनी चष्मा काढून पुसला. "सगळ्यांचं वकीलपत्र माझ्याकडे नाही. ही परत देऊन पोच घेऊन या, मग तुमची केस चालवतो." तो चरफडत गेला, पण आठवड्याने पोच घेऊन आला.

त्याच्या केसमध्ये समोरचा वकील दोन वर्षांच्या बंदीबद्दल बराच वेळ बोलला. सर उठले आणि एवढंच म्हणाले, "नोकरी सोडताना माणूस टेबलाची किल्ली देतो. डोकंही जमा करून जावं, असं माझ्या विद्वान मित्रांचं म्हणणं दिसतं." न्यायाधीशांना हसू आवरेना. मनाई हुकूम मिळाला नाही.

उलटतपासणीत साक्षीदार "आठवत नाही" म्हणाला की सर मात्र खवळायचे. बाहेर आल्यावर मला सांगायचे, "लक्षात ठेवा वासनिक, चुकीचं सांगणारा एक वेळ परवडला. आठवत नाही म्हणणाऱ्याला सगळं लख्ख आठवत असतं."

ते मला नेहमी आडनावाने हाक मारत. मी यवतमाळची. वडील टपाल खात्यात होते, आमच्या वस्तीतली मी पहिली वकील. पुण्याला निघताना वडिलांनी एकच गोष्ट सांगितली होती, "दुसऱ्याची टाचनीबी घरात आनाची नाई, पोरी." इथे खोली शोधताना आडनाव सांगितलं की जागा नुकतीच गेलेली असायची. उपासनी सर मात्र तेच आडनाव भर कोर्टात मोठ्याने घ्यायचे, "माझ्या सहकारी ॲडव्होकेट वासनिक", आणि माझी मान ताठ व्हायची. खोटं कशाला सांगू, वडिलांच्या खालोखाल मी त्यांनाच मानत होते.

पुढे मी कर्वेनगरात एक गाळा भाड्याने घेतला आणि स्वतंत्र काम करायचं ठरवलं. सरांना विचारूनच. "करा की," ते म्हणाले, "मी काय तुमच्यावर दोन वर्षांची बंदी घालणार आहे?" शेवटच्या दिवशी मी गमतीने त्यांच्या टेबलावर माझी पर्स उलटी केली. कंगवा, बसचा पास, रुमाल, सेफ्टी पिनांचा जुडगा. सरांनी एक पिन उचलली. "ही आमच्या ऑफिसची दिसते."

"तुमच्या ऑफिसात पिना मिळतात कुठे सर? म्हणून तर घरून आणते."

ते पोट धरून हसले. मग पिना स्वतःच्या हाताने पर्समध्ये भरून म्हणाले, "रिकाम्या हातांनी निघालात. आता कोणाच्या बापाला भिऊ नका."

माझ्याकडे पहिलं मोठं काम आलं ते पाठकांचं. हिंजवडीत त्यांची सॉफ्टवेअर कंपनी होती. सरांचेच पक्षकार, पण त्यांचे सगळे करार मी केलेले असल्यामुळे ते आपणहून आले. वकीलपत्रावर सही करायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "मॅडम, जरा थांबू या." मी जाऊन भेटले. पाठक बिचारे सज्जन, नजर वर करेनात. "उपासनी साहेबांना रीत म्हणून विचारलं," ते म्हणाले. "ते म्हणाले, वासनिक हुशार आहेत, पण जाताना आमच्या फायलींच्या नकला घेऊन गेल्या. मॅडम, आमचं कामच गुपितांचं. तुम्ही समजून घ्या."

मी काय समजून घेणार होते? गुपितं सांभाळणाऱ्या वकिलाला चोर म्हटलं की त्याच्याकडे विकायला दुसरं काही उरत नाही. त्यातून माझ्या आडनावाच्या बाईबद्दल असलं काही लोकांना पटायला वेळ लागत नाही. सरांना हे कळत नव्हतं, असं मी आजही मानत नाही.

तशीच रिक्षा करून ऑफिसात गेले. सवयीने पर्स बाहेर ठेवली आणि ठेवल्याचा संताप आला. सर फाईल वाचत होते.

"सर, मी नकला नेल्या?"

"बसा वासनिक."

"नेल्या का?"

त्यांनी फाईल मिटली. "अहो, धंदा आहे हा. पाठक गेले की त्यांच्यामागून बाकीचे जाणार. आयुष्यभर जमवलेले पक्षकार आहेत माझे."

"मी तुमच्यासमोर, या टेबलावर, पर्स उलटी केली होती. दुसरं कोणीही नव्हतं खोलीत. तुम्ही एकटेच साक्षीदार आहात सर."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग शांतपणे म्हणाले, "मला आठवत नाही."

त्यानंतर मी बरीच वर्षं भाडेकरार आणि न वटलेल्या चेकांच्या केसेस करून पोट भरलं. आपलं काम हळूहळू परत मिळवलं. आज सोडून जाणाऱ्या पोरापोरींच्या केसेस मी चालवते, आणि त्यांनाही बॅग बाहेर ठेवायला लावते. सरांवरचा राग माझ्या मनातून गेला नाही, आणि त्यांनी शिकवलेल्यावाचून मला एकही केस उभी करता येत नाही. दोन्ही खरं आहे.

गेल्या वर्षी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. सर अंथरुणाला खिळलेत, तुझं नाव काढतात. जाणार नव्हते, तरी गेले. सर पार वाळले होते, आवाज मात्र तोच. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. काकूंना म्हणाले, "अगं, ही आमची वासनिक. हिच्यासारखी स्वच्छ हाताची ज्युनिअर पुन्हा मिळाली नाही. जाताना माझ्या टेबलावर पर्स उलटी केली हिने! काय होतं त्यात? कंगवा, बसचा पास आणि सेफ्टी पिना. मी म्हटलं, पिन आमची दिसते. तर म्हणते कशी, तुमच्याकडे पिना मिळतात कुठे!"

काकू हसल्या. सरही हसत होते.

"आठवतं तर तुम्हाला," मी म्हणाले.

त्यांचं हसू थांबलं. मी वाट पाहिली. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे. काकू चहा ठेवायला आत गेल्या.

चहाला मी थांबले नाही. दाराबाहेर चपला घातल्या. शेजारीच माझी पर्स होती, आत येताना मीच ठेवलेली.