परसों म्हणजे नेमके कधी?

माझ्या डायरीत या प्रकरणाला जेमतेम अर्धे पान आहे. गुन्हा दाखल झाला नाही, कोणाला अटक झाली नाही. तरी स्वेच्छानिवृत्तीनंतरही ते मला मोठ्या प्रकरणांपेक्षा लख्ख आठवते.

हैदराबादच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि विद्यानगरला राहणारा, आयटीतला एक तरुण तक्रार घेऊन आला. मूळचा पुण्याचा. काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरातला त्याचा मित्र नोकरी सोडून ज्वारीच्या बिस्किटांचा कारखाना काढत होता. याने महिन्यापूर्वी निम्मे भांडवल दिले होते. उरलेले त्याच दिवशी द्यायचे होते.

"मशीन परवा घेतली म्हणाला," तो सांगू लागला. "काल शेडवर गेलो, तर मशीनचं बिल दोन वर्षांपूर्वीचं. मग माझे पैसे गेले कुठे? साहेब, आठ वर्षं शेजारी बसून काम केलंय आम्ही. खोटं निघालं तर पैशांपेक्षा तेच जास्त लागेल."

फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसावा लागतो, आणि ते बिल तिकडेच बोट दाखवत होते. हेड कॉन्स्टेबलने जबाब लिहिला. जबाबात 'परवा', 'मागे', 'लवकरच' असे शब्द आले की त्यांखाली रेघ मारून तारीख मागायची, ही माझी सवय. रेघ मारली आणि विचारले, "त्याच्या तोंडचा नेमका शब्द कोणता?"

"परसों म्हणाला. एकच ना?"

मी पेन खाली ठेवले आणि मित्राला बोलावून घेतले. तो वीस मिनिटांत हजर झाला. पैसे खाल्लेला माणूस बहुधा इतक्या लवकर येत नाही.

"मशीन कधी घेतली?"

"परसोंच घेतली, साहेब."

"आणि लग्न कधी झालं?"

तो गोंधळला. "लग्न? तेही परसोंच झालं की."

"मुलंबाळं?"

"एक पोरगी आहे. तिसरीत."

हेड कॉन्स्टेबलने तोंडासमोर फाइल धरली. पुण्याचा पाहुणा माझ्याकडे बघतच राहिला. "आमच्या हैदराबादेत कालच्या आधीचा कुठलाही दिवस परसोंच असतो," मी त्याला सांगितले.

मशीन मित्राच्या स्वतःच्या पैशांची होती. नव्या पैशांच्या पावत्या त्याने पिशवीतून काढल्या: शेडचे डिपॉझिट, विजेची जोडणी. सगळे जुळले.

"मलाच विचारायचं ना, यार. सीधा ठाण्यात आलास?"

"तुला विचारून काय मिळालं असतं? आणखी एक परसों."

तक्रारदाराने लगेच मोबाइल काढला. "उरलेले आत्ताच पाठवतो." शंका घेतल्याची लाज वाटली की माणसाचा हात सैल सुटतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

"थांबा," मी म्हणालो. "तो प्रामाणिक आहे, एवढंच ठरलं. बिस्किटं खपतील हे कुठे ठरलं?" कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहून पुढे सरकवले. माल कोण घेणार? बुडाले तर तुमचे घर चालेल का? आणि त्यानंतरही दोघे एका टेबलावर चहा प्याल का?

पहिल्याचे उत्तर, हिमायतनगरची दोन दुकाने, तीही तोंडी. दुसऱ्यावर तक्रारदाराने मोबाइल खिशात परत ठेवला. त्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते. तिसरा प्रश्न मित्राने दोनदा वाचला. "सगळे नक्को देऊ," तो म्हणाला. "बुडाले तर तुझ्या घरी कोणत्या तोंडाने येऊ?"

उरलेल्यातले निम्मेच द्यायचे ठरले, रीतसर करारनाम्यावर, प्रत्येक तारीख आकड्यांत. तक्रार मागे घेतल्याचा अर्ज घेऊन मी प्रकरण बंद केले.

लबाडीसाठी कायद्यात कलम आहे, मोघमपणासाठी नाही. म्हणून मित्राला मदत करावी की नाही असे कोणी विचारले, तर मी सांगतो: जरूर करा, पण आधी तो कागद दोघांनी मिळून भरा. उत्तरे देताना जो चिडत नाही, त्याच्यासाठी थोडी जोखीम घ्यायला हरकत नाही.

मागच्या महिन्यात दोघे बिस्किटांचा डबा घेऊन घरी आले. धंदा कसा चाललाय, मी विचारले.

"नफ्यात आहे, साहेब. परसोंपासून."

मी डायरी उघडली. दोघांनी एकाच वेळी एकच तारीख सांगितली.