लाभ, दोन, तीन

नव्या आंबेमोहराच्या वासानं मुळशीचं खळं आठवतं. भात मोजणं हा आम्हा भावंडांचा खेळ होता. दादा पायल्यांचे मण करायचा, मी दर मापाला खडा ठेवायचो आणि धाकटी सखू मोठ्यानं मोजायची. पहिल्या मापाला रिवाजानं ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत.

सखूला शाळेत घालायला आईबरोबर मीही गेलो. “आकडं न्हाई आलं तर गुरांमागं जाईल,” असं वडलांनी बजावलं होतं. मास्तरांनी मोजायला सांगताच ती म्हणाली, “लाभ, दोन, तीन...” आईचा चेहरा उतरला.

मास्तर हसले. “आमच्या घरीबी असंच मोजत्यात. म्हण पुढं.” सखू पन्नासावरही थांबेना, तेव्हा त्यांनी नाव लिहून घेतलं.

आईनं सोडलेला सुस्कारा मला आज बाप झाल्यावर कळतो. वाटेत ती म्हणाली, “साळंत एक म्हन गं. खळ्यावर मातर लाभच म्हनायचं.”