‘यूट्रॉफिक’चा अर्थ आत्याने वडिलांना सांगितला तेव्हा

माझ्या आत्याने अठराव्या वर्षी चारचौघांत स्वतःच्या वडिलांना सांगितलं, "बाबा, मासे आपणच मारले."

आज सकाळी शालूआत्या गेली. सत्त्याण्णव वर्षांची होती.

गोष्ट संस्थानच्या काळातली, आमच्या लश्कर शहरातली. आजोबा दरबारात अधिकारी. मोहल्ल्यातल्या तलावाचं पाणी आठवड्याभरात हिरवंगार झालं, आणि मग मासे मरून वर यायला लागले.

काठावर कापड रंगवणारे रहमतचाचा रंगरेज राहायचे.
लोक म्हणाले, यानेच रंग सोडला. हाकला याला.

चाचा आजोबांपुढे हात जोडून उभे राहिले. "हुजूर, महीने भर से तो सिर्फ लाल रंगा है।"

कुणी ऐकेना. आजोबांनी चार दिवसांत घर खाली करायला सांगितलं.

आत्या कॉलेजात सायन्सला, वर्गात एकटीच मुलगी. तिने तलावाचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला.

"काय सांगू तुला," ती मला म्हणायची, "एका थेंबात अख्खं जंगल रे! हिरवे धागे, हिरवे मणी. काही तर चक्क पोहत होते. मी श्वास घ्यायचं विसरले. रंग कधी जिवंत असतो का?"

ते शेवाळ होतं.

सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. यूट्रॉफिक.
"मूळ ग्रीक. यू म्हणजे चांगलं, ट्रॉफी म्हणजे पोषण. शेवाळ फोफावेल असं भरपूर पोसलेलं पाणी."

"पण सर, मासे तर मेले!"

"पोषण शेवाळाचं झालं. ते कुजायला लागलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो."

पाण्याला एवढं खायला कोण घालतं, हे तिला विचारावं लागलं नाही. रोज सकाळी अर्धा मोहल्ला पुण्य म्हणून माशांना कणकेच्या गोळ्या टाकायचा. वर निर्माल्य.
सगळ्यांत मोठी परात आमच्या घरची.

तिने घरी येऊन, बैठकीत लोक बसलेले असताना, ते वाक्य म्हटलं.

आजोबा संतापाने उठले. मग थांबले. "दाखव."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पगडी काढून ते मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ मान वर केली नाही.
"हे एवढं सगळं... आपल्या कणकेवर?"
"हो, बाबा."

तिथून ते थेट रंगरेजाच्या दारात गेले. "गलती हमारी थी, मियाँ। आप यहीं रहेंगे।"

कणीक बंद झाली. पाणी निवळायला वर्ष लागलं. चाचा तिथेच राहिले.

मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटली?"
"वाटली ना! पण एवढं डोळ्यांनी बघितल्यावर गप्प कशी बसू?"

आत्या, तुला माझा शेवटचा नमस्कार.