पातेल्याला लावलेला कान

आमच्या गल्लीत आवई उठली होती, की कोपऱ्यावरच्या खाणावळीतल्या इराणी काकू तिकडच्या मोठ्या खानसामीण. मंत्र्यासंत्र्यांच्या पंगती उठवलेल्या. साफ थाप! तिकडे काकू पडदे शिवायच्या. चूल सासूबाईंच्या ताब्यात. काकूंनी तिथे मीठसुद्धा विचारून घ्यायचं. काका गेले, देश सुटला. इथे खाणावळीत भांडी घासता घासता काकूंना घरच्या भाताची अशी तलफ आली, की त्यांनी सरळ सासूबाईंना फोन लावला.

"आत्ता आठवले होय मी?" म्हणत सासूबाईंनी शिकवणी सुरू केली.

त्या भाताचा जीव तळाच्या खरवडीत. सोनेरी, कुरकुरीत, आणि पातेलं उपडं केलं की टोपीसारखी अख्खी निघायला हवी. झाकण फडक्यात गुंडाळलेलं, मध्ये उघडायचं नाही. तळ नुसता ऐकायचा. सासूबाई फोनवरून ऐकत. "जवळ धर... अजून ओलं बोलतंय... हं, उतरव!"

खाणावळीच्या मालकांच्या लेखी खरवड म्हणजे करपलेला भात. तरी हा भात इथे करू द्या म्हणून काकूंनी पिच्छा पुरवला, तेव्हा ते म्हणाले, "रविवारी माझी आई जेवायला येतेय. तिला आवडलं तर दुपारची चूल तुमची. नाहीतर आहेच आपली मोरी!"

आणि नेमका रविवारीच फोन लागेना. काकूंचा चेहरा पडद्यासारखा पांढरा. मी त्यांच्या जोडीला भांडी घासायचे. लगेच पैज मारली, "आज एक तर लगदा, नाही तर कोळसा. हरले तर सांगाल ते करीन!"

काकूंनी पातेल्याला कान लावला. थोड्या वेळानं मी सासूबाईंचा घोगरा आवाज काढला, "हं, उतरव!"

काकूंचा हात शेगडीकडे गेलाच होता. तो थांबला. "गप गं. अजून ओलं आहे."

मग तळाची चुरचुर बारीक, कोरडी झाली. काकूंनी पातेलं उतरवलं, दम धरला आणि परातीत उपडं केलं. खरवड अख्खी! मालकांच्या आईनं एक तुकडा मोडला, कुरुम कुरुम चावला आणि लेकाच्या ताटातलाही उचलला. "तुला करपलेलं आवडत नाही ना रे?"

मालकांनी मुकाट्यानं शेगडीपुढची जागा मोकळी केली.

संध्याकाळी फोन लागला. पैजेपायी मला खुद्द सासूबाईंना सासूबाईंची नक्कल ऐकवावी लागली. पलीकडून तोच घोगरा आवाज आला, "पोरीला सांग, मी एवढ्या प्रेमानं कधी बोलत नाही."