बेबीताईंचा डावा हात

आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल आहे, पण रविवारी त्यावर कधी जेवता येत नाही. तिथे कुणाचा ना कुणाचा लॅपटॉप पोट उघडून पडलेला असतो. माझा नवरा उत्तम चिपच्या कारखान्यात बिघाड शोधायचं काम करतो. ही गोष्ट इथे परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना कळली, त्याला अकरा वर्षं झाली. "काका, जरा नुसतं बघता का?" असा फोन येतो. हे नुसतं बघणं चार तास चालतं, आणि चहापाणी माझ्याकडे.

आठवडाभर हा माणूस डोळ्याला भिंग लावून बसतो. शनिवारी घरी येतो तो पायातले मोजेही न काढता सोफ्यावर आडवा होतो. दर वेळी म्हणतो, "संजीवनी, हा शेवटचा." आमची ऋचा त्याला इथल्या धाटणीच्या इंग्रजीत स्पष्टच सांगते, "पप्पा, जस्ट से नो लाह." पण त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. मला राग येतो, आणि तो इतका दमलेला दिसतो की राग काढताही येत नाही.

२००८ च्या ऑगस्टमध्ये समीरचा लॅपटॉप आला. समीर शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेमेंटीत खोली घेऊन राहायचा, पीएचडी करायचा. लॅपटॉप गेमिंगचा, विटेसारखा जड. संशोधनाच्या आकडेमोडीला असाच लागतो म्हणे. मग त्यात गाड्यांच्या शर्यती कशाला होत्या, ते मी विचारलं नाही. तक्रार अशी, की त्याच्याकडे राहायला आलेली आई वापरायला बसली की स्क्रीन काळा पडतो. पंखा चालू, दिवे चालू, दिसत मात्र काही नाही.

पहिल्या रविवारी आमच्याकडे तो तीन तास सुरळीत चालला. उत्तमने दुसरा मॉनिटर जोडून पाहिला, झाकण पुढेमागे हलवून पाहिलं. शेवटी समीरला म्हणाला, "घरी बंद पडला की स्क्रीनवर टॉर्च मारून बघ." समीरने तसं केलं, आणि काळ्या स्क्रीनवर पुसट अक्षरं दिसली. म्हणजे चित्र होतं, मागचा उजेड गेला होता. दुसऱ्या रविवारी उत्तमने स्क्रीनमागचा उजेड पाडणारा छोटा भाग बदलला. मंगळवारी पुन्हा फोन. "काका, परत गेला. आईचा हात फार जड आहे हो. टाइपरायटर बडवायची सवय."

तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम समीर आणि त्याची आई, दोघांनाही जेवायला बोलावलं. दारात "जय भीम" म्हणत बेबीताई आत आल्या. किडकिडीत बाई, सुती साडी, आणि आल्या आल्या थेट माझ्या ओट्यापाशी. सोलापूरला पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं टायपिस्ट होत्या, मराठी आणि इंग्रजी दोन्हीच्या. चहा ढवळताना चमचा त्यांच्या डाव्या हातातल्या कड्याला चिकटला, तशा त्या हसल्या. "मॅग्नेटचं आहे. मनगटं दुखतात ना माझी. समीरने पहिल्या स्टायपेंडमधून घेऊन दिलं. अंघोळीलाही काढत नाही."

मग हळूच म्हणाल्या, "एकतीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केली, बाई. स्वतःचं म्हणून एक पान केलं नव्हतं. इथे समीरने मराठी फॉन्ट टाकून दिला, कळांच्या जागा अगदी टाइपरायटरसारख्याच. म्हटलं, आपलंच लिहावं. आमची वस्ती, माझी शाळा, पहिली नोकरी. चौदा पानं झाली आणि हे असं झालं. आता मी हात लावू नये म्हणून त्याने पासवर्ड घातलाय." बुधवारी त्यांचं परतीचं विमान होतं. सोलापूरच्या घरी कॉम्प्युटर नव्हता.

बाहेर उत्तमने तिसऱ्यांदा सगळे स्क्रू काढले आणि तिसऱ्यांदा लावले. हाताच्या दाबाने एखादा जोड सुटत असेल, असं त्याला वाटत होतं. तसं काही सापडलं नाही. "मशीनमध्ये दोष नाही," तो डोळे चोळत म्हणाला.

"मग आईच," समीर म्हणाला. "आई, तू हात लावू नकोस, म्हणजे विषय संपला."

बेबीताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "माझ्या हाताने मशीन बिघडतं, असं ऑफिसातल्या साहेबांनीही कधी म्हटलं नाही," एवढंच बोलल्या.

आता मात्र मला राहवेना. "उत्तम, तीन रविवार झाले. या लॅपटॉपपुढे तू बसलास, समीर बसला. ज्यांच्यापुढे तो बंद पडतो, त्यांना एकदा तरी बसवलंस का?"

उत्तमने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची मोकळी केली. समीरने लॅपटॉप आपल्याकडे वळवून, अंगाआड धरून पासवर्ड घातला. बेबीताई बसल्या. दुखरी मनगटं कीबोर्डच्या खालच्या कडेला टेकवून त्यांनी दोन ओळी टाइप केल्या, आणि स्क्रीन काळा झाला. त्यांनी दचकून हात उचलले. उजेड परत आला.

"बघा," समीर म्हणाला.

"गप्प बस जरा," उत्तम म्हणाला. त्याचा शीण कुठल्या कुठे गेला होता. "ताई, फक्त उजवा हात ठेवा." काही झालं नाही. "आता डावा." काळा.

"चमचा," मी म्हणाले. "मघाशी ताईंच्या कड्याला चमचा चिकटला होता."

उत्तमने कडं मागून घेतलं आणि नुसतंच त्या जागी धरलं. काळा. दूर नेलं, उजेड. तो शेजारची खुर्ची ओढून बसला. झाकण मिटलं की स्क्रीन बंद करायला झाकणात लोहचुंबक असतं, आणि ते ओळखणारं बटण नेमकं डाव्या मनगटाखाली होतं. कडं तिथे आलं की लॅपटॉपला वाटे, झाकण मिटलं. झाकण मिटूनही इंटरनेटवरून गेम उतरत राहावेत म्हणून समीरनेच सेटिंग बदलली होती, त्यामुळे बाकी सगळं चालूच राही.

"ताई, चूक माझी," उत्तम म्हणाला. "तीन रविवार मी नुसतं मशीन तपासत बसलो."

समीर कड्याकडे पाहत होता. मला त्याची कीव आली, आणि रागही गेला नाही. उत्तमने खात्रीसाठी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. स्क्रीनवर पासवर्डची रिकामी चौकट आली. समीर घाईने पुढे वाकला आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढू लागला.

बेबीताईंनी लॅपटॉप सोडला नाही. कडं काढलेला त्यांचा मोकळा डावा हात त्यावरच होता.

"तू नुसता सांग," त्या म्हणाल्या. "मी टाइप करते."

समीर खाली मान घालून एकेक अक्षर सांगत गेला. बेबीताई कळांकडे न बघता टाइप करत गेल्या.