हिरवी कालवं

मी सिल्वासाला शिक्षिका म्हणून आले तेव्हा नव्या गावाची, नव्या शाळेची मला चिंता नव्हती. चिंता होती ती माशांची. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडची, आणि इथे समुद्र नाही. पण थोड्याच दिवसांत कळलं, की दमणहून एक मावशी सकाळच्या बसने टोपली घेऊन येते आणि सरकारी वसाहतीत दारोदार फिरते.

तिची मराठी निम्मी गुजराती होती. मला ती ‘टीचरबेन’ म्हणायची. थंडीत ती डब्यातून सोललेली कालवं आणायची. दमणगंगा समुद्राला मिळते तिथल्या खडकांवरून ती आणि तिची सून कोयतीने ती काढत.

नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या हिवाळ्यात मला दिवस गेले होते. आधी उलट्यांनी हैराण झाले, आणि त्या थांबल्या तशी भूक अशी खवळली, की कालवांशिवाय दुसरं काही नको वाटे. मावशी हसायची. “माझी सून पण पोटुशी छे. तिला पण हेच लागतं, बेन.”

एकदा जेवताना हे म्हणाले, “आज कालवं कळकल्यासारखी लागतायत गं.”

“स्टीलच्या पातेल्यात कशी कळकतील? तांब्या-पितळेचं थोडंच आहे!” मी म्हटलं आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी मी पांढऱ्या वाडग्यात कालवं धूत होते. उन्हात नीट दिसलं. कडेची झालर हिरवी होती. शेवाळ असेल म्हणून पुन्हा धुतली, मग एक चिरून पाहिलं. आतूनही हिरवटच. शाळेत मी मुलांना मोरचुदाचे खडे दाखवायचे. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तो हिरवा थर कशाचा, हेही शिकवायचे. मी वाडगा बाजूला सारला. गावाजवळ राखोली, सायलीकडे दर वर्षी नवे कारखाने उभे राहत होते. त्यांचं पाणी नाल्यांतून दमणगंगेत जायचं आणि नदी जायची दमणला. आणि मी दोन जिवांची, महिनाभर तेच खात होते.

सोमवारी मावशी आली तेव्हा मी तिला वाडगा दाखवला.

“हा रंग कधीपासून आहे?”

“दिवाळीपासून अशीच निघतात. मला वाटलं, काही खाल्लं असेल त्यांनी.” माझा चेहरा पाहून तिने टोपली खाली ठेवली. “केम, बेन? काही वाईट छे?”

संध्याकाळी एसटीडी बूथवरून मी मुंबईला दादाला फोन लावला. माझा हा मोठा भाऊ एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “कालव पाणी गाळून जगतं. पाण्यातलं तांबं त्याच्या मांसात साठत जातं, म्हणून तो रंग. मला तांब्याची तेवढी भीती नाही. सोबत पारा किंवा शिसं असेल, तर मात्र बाळाच्या दृष्टीने वाईट. कालवं बर्फात घालून आण आणि रक्त तपासून घे.”

“आणखी एक जण आहे माझ्यासारखी,” मी म्हटलं.

“तिलाही आण.”

मावशी आधी तयार होईना. “मुंबईला? लोही काढायला?”

“माझं काढतील, तसंच तिचं. मी तिचा हात धरून बसते.”

यांनी जीप ठरवली. वाटभर ती कोवळी पोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. माझा मात्र डोळा लागला नाही.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. पोटात बाळ हललं तरी घाबरायचं आणि नाही हललं तरी घाबरायचं. अखेर एका दुपारी शिपाई वर्गाच्या दारात आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत माझा फोन होता.

“तांबं आणि जस्त भरपूर आहे,” दादा म्हणाला. “कालवं बंद म्हणजे बंद. पण पारा-शिसं नावालाच आहे. आणि रक्त अगदी ठीक.”

“कुणाचं?”

“दोघींचं गं, दोघींचं!”

मी मुख्याध्यापकांच्याच खुर्चीत बसले आणि हसता हसता रडायला लागले. ते बिचारे पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले.

शाळा सुटायची वाटही पाहिली नाही. बसथांब्यावर परतीच्या बससाठी उभी असलेली मावशी सापडली. मी सांगितलं तशी ती रिकामी टोपली घेऊन खालीच बसली. मग पदराने आधी माझे डोळे पुसले, नंतर स्वतःचे. “आता रडू नको, बेन. पोर रडकं होईल.”

मला मुलगा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला नात झाली. दोन्ही बाळं धडधाकट.

मावशीने नदीच्या मुखाशी कालवं काढणं सोडलं आणि इतर बायांनाही सोडायला लावलं. पुढे काढण्यासारखं फारसं उरलंही नाही. खडकांवर नवी कालवं धरतच नव्हती, म्हणाली. दादाने सांगितलं, तांब्याने मोठं कालव हिरवं होतं, पण पिल्लं जगत नाहीत. आम्ही सुटलो होतो. कालवं सुटली नव्हती.

मावशी मग बाहेरच्या दर्यातलं पापलेट आणू लागली. एकदा नातीला कडेवर घेऊनच आली. मी काटे काढून मऊ भातात मासा कालवला आणि दोन्ही पोरांना एकाच ताटलीतून भरवला. तिची नात मिटक्या मारत होती. माझ्या मुलाने पहिलाच घास थुंकून टाकला, तशी मावशी खो-खो हसत म्हणाली, “टीचरबेन, हा कोकणचा नाहीच!”