आदी वाच, मंग फाड

लगदामावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्यासमोर वर्तमानपत्राचा साधा चिटोराही न वाचता फाडायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. समोर रद्दीचा ढीग, शेजारी पाण्याचं पिंप आणि पिंपाच्या काठावर हात ठेवून उभी असलेली ती. कुणी घाईघाईनं कागद टरकावला की तिचा आवाज चढे, "आदी वाच, मंग फाड! कुनाचा काय लिवलाय ते बघल्याबिगर पान्यात नाय टाकाचा." आम्ही तीस शिक्षक. आयुष्यभर मुलांना 'मोठ्यानं वाचा' म्हणून दटावत आलेले. आता आम्हीच रांगेत बसून भाताचे भाव, वधू पाहिजे आणि नळ दुरुस्तीच्या निविदा मोठ्यानं वाचत होतो.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. पेणला मे महिन्याच्या सुट्टीत एका शाळेत शिक्षकांसाठी पाच दिवसांचं निवासी हस्तकला शिबिर भरायचं. मी रोह्याजवळ अष्टमी गावात राहायची आणि रोह्याच्या शाळेत शिकवायची. आमच्या शाळेत चित्रकलेला कुणी नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी तो विषय माझ्या गळ्यात मारला होता आणि पाठोपाठ हे शिबिरही. सुट्टी वाया गेली म्हणून मी एसटीत नागोठण्यापर्यंत धुसफुसत होते. शिबिर घेणारे सर निवृत्त कलाशिक्षक होते, मनानं फार चांगले, पण बोलायला लागले की थांबत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी 'मिश्र माध्यम' या विषयावर तासभर सांगितलं. माती, कागद, कापड, शिंपल्या, सुंभ, सगळं एका चित्रात कसं नांदू शकतं वगैरे. मागे पिंपाजवळ उभी असलेली मावशी सगळं ऐकून मला म्हणाली, "म्हंजे खिचडी ना गो बाय? मंग येवरा कशाला बोलतंय?"

ती शिबिरात शिकवायला नव्हती. वडखळच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावातून सरांनी तिला कागद भिजवायला आणि लगदा मळायला बोलावलं होतं. उन्हाळ्यात मिठागरावर आणि उरलेल्या वेळात पेणच्या गणपतीच्या कारखान्यांसाठी घरी बसून कच्चे, म्हणजे रंग न दिलेले, गणपती करायचे, असं तिचं वर्ष चाले. काष्ट्याच्या लुगड्यात, अंगानं काटक, आणि हाताला कायम मैद्याच्या खळीचा नि मोरचुदाचा वास. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, त्यानं तिच्या नखांच्या कडा निळसर झालेल्या असत. सर तिला 'बाई' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही सगळे तिला लगदामावशी म्हणायला लागलो होतो आणि काही अडलं की सरांना ओलांडून तिच्याकडे जात होतो. सरांच्याही ते लक्षात आलं. ते चष्मा पुसत बसले.

माझं पहिलं काम मासा होतं. पापलेट करायला घेतलं आणि जे झालं ते मी मोठ्या अभिमानानं तिच्यापुढे धरलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "खानार हायस का पायान घालनार?" तिनं विचारलं. सगळा वर्ग हसला. मग तिनं माझा अंगठा धरून लगद्यावर टेकवला. "दाबाचा, पन जीव नाय घ्याचा. पानी आपसूक निंगतं. त्याला वाट दे." पुढे तीस वर्षं मी मुलांना लगदा शिकवला, तेव्हा दर वेळी हेच वाक्य तोंडात आलं, आणि दर वेळी माझ्या अंगठ्यावर तिचा खरखरीत हात आहे असं वाटलं.

वाचनाच्या वेळी तिच्या आवडीनिवडी कळत. निवडणुका, क्रिकेट यांवर ती हातानंच 'टाक पिंपात' अशी खूण करी. पण 'हरवले आहेत' अशी चौकट आली की ती मळता मळता थांबायची. ते दोनदा वाचायला लावायची. फोटोतला माणूस कोणत्या वयाचा, उंची किती, कुठून गेला, सगळं विचारायची आणि मग "नाय" एवढंच म्हणून कामाला लागायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं. "बाय, मला एक नाव वळखाला शिकव. लिवाला नको. फकस्त दिसला की कलला पायजे." नाव होतं काशिनाथ. तिचा मुलगा.

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत ते नाव काढलं. तिनं लगद्याच्या वळकट्या करून पाटीवरच्या रेघांवर बसवल्या आणि बोटांनी चाचपत राहिली. "ही छत्री हाय ना, ती माज्या ध्यानान राहील," ती 'शि'ची वेलांटी दाखवून म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्तमानपत्राचं शेवटचं पान हातात घेऊन माझ्याकडे धावत आली. "हाय गो बाय, हाय! बघ!" पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत छापलं होतं, 'येथे छापून प्रकाशित केले'. त्यातलं 'काशि' तिनं बरोबर हेरलं होतं. शिक्षिका म्हणून मला तिचं कौतुक करावं की काय करावं ते कळेना. मी हळूच सांगितलं, हा शब्द 'प्रकाशित' आहे. ती पान पिंपात टाकत म्हणाली, "छत्री तं बरोबर व्हती."

त्याच दुपारी शिंपल्या कमी पडल्या म्हणून सरांनी मला तिच्याबरोबर तिच्या गावाला पाठवलं. वडखळच्या नाक्यावर उतरून आम्ही बांधावरून चालत गेलो. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. आत फळीवर एक कागदी गणपती होता, कच्चा, राखाडी-पांढरा, सोंड जराशी वाकडी बसलेली. आणि तो भिंतीकडे तोंड करून होता, आमच्याकडे पाठ. मला वाटलं, लेकरानं चूक केल्यावर कोपऱ्यात उभं करावं तसं सोंड वाकडी म्हणून याला शिक्षा केली असेल. तसं मी बोललेही. ती हसली नाही. तिनं मूर्ती खाली काढली आणि पाठीवर, जानव्याच्या थोडं खाली, एक निळसर ठिपका दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा. "हा काशाचा पत्र," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. नवरा लवकर गेला. काशिनाथ विशीत आला तेव्हा मिठागरात पाठ मोडायची नाही म्हणून हटून बसला. मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, "मंग जा." आणि तो गेला. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. वर्षभरानं पोस्टमन एक निळं अंतर्देशीय घेऊन आला. मावशी तेव्हा मिठागरावर. शेजारच्या बेबीनं ते घेतलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून मावशीच्या पडवीतल्या वर्तमानपत्राच्या घडीत नीट सरकवून ठेवलं. त्याच सांजेला बेबी माहेरी गेली, आणि सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मावशीनं तो गठ्ठा नेहमीसारखा पिंपात बुडवला. बेबी आठ दिवसांनी परतली ती दारातूनच विचारत, "काशाच्या पत्रान काय आला गो?" तोवर कागद भिजून, कुटून, खळीत मळून साच्यांत बसला होता. त्या लगद्याचे पाच गणपती झाले. चार कारखान्यात गेले, तिथून कुणाकुणाच्या घरी, आणि दहा दिवसांनी पाण्यात. पाचवा सोंडेमुळे परत आला, म्हणून राहिला.

"बेबीवर रागावली नाहीस?" मी विचारलं.

"तिना तं सांभालून ठेवला व्हता," मावशी म्हणाली. "येक गोष्ट माज्या जिवाला खाते गो. तो वाट बघत असंल. बोलत असंल, आयशीना उत्तर नाय दिला. अजून राग हाय तिचा." मग मूर्ती माझ्या हातात देत, "आता डोलवीला कंपनी येते बोलतान. शिफ्टची कामा भेटतील. त्याला सांगाला पायजे. पन पत्ता व्हता पत्रावं."

आणि इथे मी शहाणपणा केला. अजून आठवलं की मला माझीच लाज वाटते. मला एकदम युक्ती सुचल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मावशी, ही मूर्ती कोमट पाण्यात हळूहळू भिजवू या. निळा कागद जाडसर असतो, त्याचा मोठा तुकडा राहिला असेल. सर मदत करतील. एखादं अक्षर मिळालं, गावाचं नाव मिळालं, तर शोधता येईल." मी बोलतच राहिले. कागद कसा सुटतो हे मी तिला सांगत होते! जिनं आयुष्यभर तेच केलं तिला. तिनं मूर्ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवली. शिंपल्या भरल्या, परत आलो, वाटभर ती माझ्या दहा पावलं पुढे. सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, तो ठिपका मोरचुदाचाही असू शकतो." ते मलाही सुचायला हवं होतं. तिची नखं मी रोज बघत होते.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन मांडलं. माझ्या पापलेटाला तिनं केव्हातरी गुपचूप शेपूट सुधारून दिलं होतं, त्यामुळे ते आता निदान समुद्रात राहण्यासारखं दिसत होतं. जेवायच्या वेळी तिनं माझ्या ताटात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली आणि शेजारी बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिजवला आन नाय निंगाला, तं मंग काय करू? आता हाय तरी." एवढंच. मोरचुदाचं तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढची दोन वर्षं मी त्या शिबिराला आपणहून गेले. हेडमास्तर चकित झाले. खरं सांगायचं तर मी कलेसाठी जात नव्हते, तिच्यासाठी जात होते. पाच दिवस तिच्याशेजारी बसून रद्दी वाचायची, तिची बोलणी खायची आणि वर्षभराची शिदोरी घेऊन यायचं. मधल्या एका दिवाळीत तिची फारच आठवण आली म्हणून मी तिला पोस्टकार्ड टाकलं. खुशाली, आणखी काही नाही. पुढच्या मे महिन्यात भेटली तेव्हा ती आधी माझ्या तोंडावरून हात फिरवून मग म्हणाली, "तुजा कागद आला. पोस्टमन दारान उभा दिसला न मी हातातला लगदा टाकून धावले. त्यावं काशाची छत्री शोधली, नाय दिसली. बेबीच्या पोरीना वाचून दाखवला. नको पाठवू गो बाय. मला आवडतेस तू, पन नको पाठवू."

म्हणून मी पुन्हा कधी लिहिलं नाही. त्याच वर्षी सर मुलाकडे नाशिकला राहायला गेले आणि शिबिर बंद पडलं. माझं लग्न, मुलगी, बदलीच्या खटपटी. पेणवरून जाताना वडखळचा नाका आला की मी खिडकीतून खाडीकडे बघायची आणि दर वेळी ठरवायची, पुढच्या खेपेला उतरायचंच. अष्टमी ते वडखळ असं अंतर ते काय! पण उतरले नाही. तिची आठवण येत नव्हती असं नाही. रोज यायची. रद्दीवाल्याला रद्दी देताना घडी न् घडी उलगडून बघायची सवय मला लागली होती. नवरा हसायचा, रद्दीवाला वैतागायचा.

दशक संपता संपता एक दिवस दुपारी दारात एक बाई उभी राहिली. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. रोह्याला उतरून, पूल ओलांडून, 'लगदा शिकवनारी मास्तरीन' एवढ्या खुणेवर विचारत विचारत आली होती. "मी बेबी," ती म्हणाली, आणि मी पाणी आणायच्या आत रडायला लागली. मावशी श्रावणात गेली होती. तापाचं निमित्त झालं. काशिनाथ आला नव्हता, त्याचं दुसरं पत्रही नव्हतं.

लुगड्यातून गणपती निघाला. सोंड वाकडी, पाठीवर निळा ठिपका, अंगाला रंगाचा एक हात नाही. "मी बोलले, माज्याकं ठेव, मी शेजारी हाय," बेबी डोळे पुसत म्हणाली. "तं बोलली, नको, तू इसरतेस." आणि रडता रडता आम्ही दोघी हसलो. मग तिनं निरोप सांगितला. काशिनाथ गावात आला तर बेबीनं त्याला माझ्याकडे पाठवायचं, आणि मी त्याला काय म्हणायचं ते मावशीनं बेबीकडून चार वेळा म्हणवून घेतलं होतं, विसरू नये म्हणून.

गणपती माझ्या फळीवर आहे, भिंतीकडे तोंड करून. आलेगेले म्हणतात, सरळ करा, देव आहे. मुलगी मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, आता मशीनमध्ये घालून बघता येईल ना आत काय आहे ते. मी नाही म्हटलं. दारात कुणी अनोळखी, पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस आला की मी काम विचारायच्या आधी नाव विचारते. अजून तो आलेला नाही. पण निरोप माझा पाठ आहे, तिच्याच शब्दांत: "काशा, तुजा पत्र पोचला. आयशीना जपून ठेवलाय."